खंडाचा इतिहास आणि त्याचा कर्ता

एखाद्या खंडाचा निसर्गेतिहास आणि मानवेतिहास एकाच ग्रंथात सलगपणे सांगण्याचा प्रयत्न झाला, की त्या कथनाचा कर्ता कोण, हा प्रश्न अटळ ठरतो. खडक, हवामान, प्राणी यांच्या इतिहासाला कर्ता लागत नाही. तेथे प्रक्रिया पुरते. मानवेतिहासात मात्र कर्ता, हेतू आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी येतात. या दोन इतिहासांचा सांधा जेथे जुळवला जातो, तेथेच अशा ग्रंथाचे वाङ्मयीन आणि नैतिक स्वरूप निश्चित होते. टिम फ्लॅनरी या सस्तनप्राणिशास्त्रज्ञाचा 'द फ्युचर ईटर्स' (१९९४) हा ऑस्ट्रेलिया आणि भोवतालच्या भूमींचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

गोंडवनाच्या विघटनानंतर उत्तरेकडे सरकत गेलेला भूखंड, त्याची जुनी व निकस माती, एल निन्योमुळे बेभरवशाचा झालेला पाऊस आणि या दारिद्र्याशी जुळवून घेणारी जीवसृष्टी यांचे वर्णन फ्लॅनरी शांतपणे करतो. मग माणूस येतो आणि कथनाचा सूरच पालटतो. त्याच्या मते, आद्य रहिवाशांनी डायप्रोटोडॉनसारख्या दोन टनांहून अधिक वजनाच्या प्राण्यांचा शिकारीने नाश केला. न खाल्लेल्या वनस्पती साठून मोठे वणवे पेटू लागले. ते आवरण्यासाठी लहान लहान आगी लावण्याची रीत रूढ झाली. याच रीतीला र्‍हिस जोन्सने १९६९ मध्ये अग्निशेतीचे नाव दिले होते. पुढे त्या समाजांनी संयम अंगी बाणवला आणि १७८८ नंतर युरोपीय वसाहतकारांनी तीच आद्य चूक नव्याने केली.

इतिहासकार घटनांना कथानकाचे रूप देतो, हे हेडन व्हाइटचे प्रतिपादन येथे उपयोगी पडते. प्रमाद, प्रायश्चित्त आणि पुन्हा प्रमाद असे हे कथानक आहे. त्याच्या पहिल्याच दुव्यापाशी पुरावा विरळ आहे. न्यूझीलंडमध्ये माओरींच्या आगमनानंतर अल्पकाळात मोआ पक्षी नष्ट झाले आणि त्यांच्या शिकारीच्या खुणा तेथे विपुल आढळतात. ऑस्ट्रेलियात महाकाय प्राण्यांच्या शिकारीची निर्विवाद स्थळे जवळजवळ नाहीत. हवामान की माणूस, हा वादही मिटलेला नाही. नाश झपाट्याने झाला म्हणून खुणा उरल्या नाहीत, हे फ्लॅनरीचे उत्तर अशक्य नाही. परंतु त्यामुळे पुराव्याचा अभावच पुराव्याच्या जागी येतो. उरलेली पोकळी न्यूझीलंडचे साधर्म्य आणि 'भविष्यभक्षक' हे रूपक भरून काढतात.

हे रूपक दुधारी आहे. आदिवासी म्हणजे निसर्गाची इतिहासहीन लेकरे, या वसाहतवादी कल्पनेला ते छेद देते. त्यांना चुकण्याचे, शिकण्याचे, भूमी घडविण्याचे कर्तृत्व बहाल करते. तथापि, हजारो पिढ्यांचा अनुभव आणि दोन शतकांची वसाहत या दोहोंना ते एकाच नामाखाली आणते. १९९२ च्या माबो निवाड्याने 'अस्वामिक भूमी'चा सिद्धान्त फेटाळल्यानंतर दोनच वर्षांनी हा ग्रंथ आला. भूमी कोणाची, या प्रश्नाच्या ऐन भरात भूमीची हानी सर्वांनीच केली असे म्हणणे हे, लेखकाचा हेतू काहीही असो, निव्वळ निसर्गशास्त्रीय विधान राहत नाही. 'माणूस' हे सामान्यनाम येथे जबाबदारीची वाटणी करते आणि ती समान करते.

पुढील ग्रंथांनी कर्त्याचे नाव बदलून पाहिले. बिल गॅमेजने (२०११) आणि ब्रूस पास्कोने (२०१४) वसाहतकारांच्याच नोंदी वाचून एकाने नियोजनपूर्वक भूमी राखणारा समाज, तर दुसऱ्याने शेती करणारा समाज उभा केला. पीटर सटन आणि केरिन वॉल्श यांनी २०२१ मध्ये घेतलेला आक्षेप मार्मिक आहे: शिकारी-संग्राहक समाजाला प्रतिष्ठा देण्यासाठी त्याला शेतकरी ठरवावे लागत असेल, तर शेती ही वरची पायरी आहे हे युरोपीय गृहीतक अबाधितच राहते. भक्षक, व्यवस्थापक, शेतकरी ही तिन्ही नामे बाहेरून दिलेली आहेत.

नामकरणाचा हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. ज्या महाखंडापासून फ्लॅनरीचे कथन सुरू होते, त्याचे नाव गोंडांच्या प्रदेशावरून आले. भूवैज्ञानिकांनी १८७० च्या दशकात मध्य भारतातील खडकांच्या एका मालिकेला ते दिले आणि एडुआर्ड झ्यूसने पुढे ते विशाल भूखंडाला लावले. चंद्रपूर परिसरातील कोळसा त्याच मालिकेतला आणि चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. मानवपूर्व काळाचे नावच असे एका मानवसमूहाकडून उसने घेतलेले आहे. त्या समूहाला मात्र त्या कथेत स्थान नाही. खंडाचा इतिहास वाचताना किती कोटी वर्षे सांगितली, याहून क्रियापदांना कर्ता कोठे मिळाला आणि तो कोणी पुरवला, हे पाहणे समीक्षेचे खरे काम ठरते.