मडके कोणाचे, चिठ्ठी कोणाची?

तालुक्याच्या ठिकाणी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तो दिवस बीड जिल्ह्यात ज्याने पाहिला आहे त्याला चिठ्ठीचे सामर्थ्य निराळे सांगावे लागत नाही. काचेची बरणी, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणि शाळेतून आणलेले एखादे लहान पोर. पोर हात घालते, अधिकारी गावाचे नाव वाचतो आणि ज्या वाड्याने तीन पिढ्या गावकी सोडली नाही त्या वाड्याचा चेहरा उतरतो. पोराला यातले काही कळत नाही. त्याला कळत नाही म्हणूनच त्याला बसवलेले असते.

या सोडतीची धास्ती प्रस्थापितांना किती असते? 2020 च्या अखेरीस ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा शासनाने सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढायचे ठरवले. पद कोणाचे हे आधी कळले की खोटे जातीचे दाखले निघतात, पैसा ओतला जातो, हे त्यामागचे कारण. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. लिलाव लावता येतो तो माहीत असलेल्या मालाचा. चिठ्ठीचा लिलाव लावता येत नाही.

पण आमच्याकडे चिठ्ठी ठरवते ती जागा कोणत्या वर्गाची एवढेच. माणूस मतांनी ठरतो. माणूसच चिठ्ठीने निवडा, असे सांगणारा विचार आता जगात जोर धरतो आहे. बेल्जियमचे लेखक डेव्हिड व्हान रेब्रुक यांचे 'अगेन्स्ट इलेक्शन्स' (मूळ डच 2013, इंग्रजी 2016) हे त्या विचाराचे सर्वांत वाचले गेलेले पुस्तक. त्यांचे म्हणणे असे की निवडणूक ही मुळात लोकशाहीची रीतच नव्हे. अथेन्समध्ये पाचशेंची सभा चिठ्ठीने निवडली जाई. ॲरिस्टॉटलने चिठ्ठीला लोकशाहीचे आणि निवडणुकीला मूठभरांच्या सत्तेचे लक्षण मानले. अमेरिका-फ्रान्सच्या क्रांत्यांनंतर वरच्या थराने चिठ्ठी बाजूला सारून स्वतःसाठी निवडणूक पुढे आणली. म्हणून निवडून आलेल्यांच्या जोडीला चिठ्ठीने आलेल्यांचे सभागृह असावे.

पुस्तक प्रामाणिक आहे. पण लेखक निवडणुकीला कंटाळला आहे आणि कंटाळा येण्याइतकी निवडणूक त्याच्या समाजाने उपभोगली आहे. बीडचा माणूस सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची रयत होता. प्रौढ मतदानाचा हक्क त्याच्या हाती आला तो 1951-52 च्या निवडणुकीत. सायमन कमिशनपुढे 1928 साली बाबासाहेबांनी प्रौढ मतदान मागितले, तेव्हा मत हे मालमत्तावाल्यांचे आणि शिकलेल्यांचे होते. जे मिळवायला एवढी झुंज लागली ते 'जुने झाले' म्हणून खाली ठेवा, असे आम्हाला कोणी सहज सांगू नये.

तरीही हा विचार आम्ही झटकून टाकू नये. साउथबरो समितीपुढे 1919 साली बाबासाहेबांनी मांडले होते की केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व हवे. पुणे कराराने (24 सप्टेंबर 1932) जागा मिळाल्या, पण निवडणारे हात दुसऱ्यांचे राहिले. बीड जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा. त्यांपैकी केज अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथे उभा राहणारा आमचाच असतो, पण तिकीट कोण देतो आणि निवडून आणणारी मते कोणाची? कांशीराम यांनी 1982 साली 'द चमचा एज' लिहिले ते याच दुखण्यावर. चिठ्ठीने आलेला माणूस कोणाचा मिंधा नसतो. त्याला तिकीट नको, गाड्या नकोत, साहेबांचा आशीर्वाद नको. दलित मनाला या विचाराची ओढ वाटावी याचे खरे कारण हे आहे आणि रेब्रुक यांना ते सुचण्याचे काही कारण नव्हते.

आता हिशेब करू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती 11.8 टक्के. विधानसभेच्या 288 जागा चिठ्ठीने भरल्या तर सरासरी चौतीस आमच्या वाट्याला याव्यात; आज राखीव आहेत 29, तेही 2001 च्या आकड्यांवर. स्त्रिया निम्म्याच्या आसपास येतील. एवढ्यावर हुरळून जाऊ नये. हाच हिशेब नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला लावा. गावात आमची वस्ती दहापैकी एक धरली, तर शंभर गावांपैकी अडतीस-एकोणचाळीस गावांत आमचा एकही माणूस पंचायतीत येणार नाही. चिठ्ठी मोठ्या सभेत न्याय करते, लहान सभेत अल्पसंख्याला सहज पुसून टाकते. आणि आमचे मरण-जगणे तर लहान सभेत ठरते: पाण्याची टाकी कुठे, दलितवस्तीचा निधी कुठे, स्मशानाला रस्ता आहे की नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2004 साली चिठ्ठीने नागरिकसभा निवडली, प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री असे 158 जण. त्यांत तिथला मूळनिवासी एकही नव्हता. शेवटी दोघे मुद्दाम घ्यावे लागले. म्हणजे राखीव जागा आल्याच! आयर्लंडच्या 99 नागरिकांच्या सभेने गर्भपाताचा गुंता सोडवण्याची वाट दाखवली आणि 2018 च्या सार्वमतात लोकांनी ती मानली, हे यश मोठेच. पण ती सभा शिफारस करणारी होती, राज्य चालवणारी नव्हे.

आपल्याकडे चिठ्ठीचे नाव निघाले की तमिळनाडूतील उत्तरमेरूरचे शिलालेख पुढे केले जातात. दहाव्या शतकाच्या आरंभी, परांतक चोळाच्या काळात, तिथल्या तीस वाड्यांतून नावे मडक्यात घालीत आणि एका अजाण मुलाकडून चिठ्ठी काढवीत. 'पाहा, आमची प्राचीन लोकशाही!' पण ते गाव ब्राह्मणांना दान दिलेले. नाव मडक्यात जायचे तर कराची जमीन हवी, स्वतःचे घर हवे, वेदाचे ज्ञान हवे. मडके निःपक्षपाती होते यात शंका नाही. पक्षपात मडक्याच्या बाहेर आधीच उरकलेला होता. अथेन्सची गत तीच. स्त्रिया आणि गुलाम यांची नावे तिथल्या चिठ्ठीत नव्हती. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी भारतीय लोकशाहीचा वारसा सांगताना बौद्ध भिक्खुसंघाकडे बोट दाखवले. संघात भिक्खू मत देत आणि मते मोजली जात. ही निवड ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि समजा, सर्वांची नावे मडक्यात गेली. चिठ्ठी निघाली ती वडवणी किंवा शिरूर कासारच्या एखाद्या ऊसतोड बाईच्या नावाची. ती त्या वेळी कोल्हापूरकडच्या फडात. उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती सभेला निघाली तर कोयता मोडतो आणि मुकादम उचल मागतो. तिच्या रोजगाराची भरपाई कोण करणार? ती बोलली तर तिच्या पाठीशी कोण? मतांवर आलेल्याच्या मागे निदान त्याचे मतदार असतात, पक्ष असतो. तरी 9 डिसेंबर 2024 रोजी याच जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. एकट्या चिठ्ठीच्या बळावर आलेली बाई इथे कोणाच्या भरवशावर तोंड उघडील? 'संघटित व्हा' याला चिठ्ठीत पर्याय नाही.

तेव्हा मत सोडायचे नाही आणि पंचायतीत राखीव जागांना हात लावू द्यायचा नाही. चिठ्ठीचा प्रयोग कोणाला करायचाच असेल तर त्याने विधान परिषदेपासून करावा. तिच्या 78 जागांपैकी सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या. पदवी नाही त्याला पदवीधरांच्या जागेवर मतच नाही. फडातल्या त्या बाईला विधानसभेचे मत आहे, पण या चौदा जागांच्या मडक्याला तिने शिवायचे नाही. या चौदा जागा चिठ्ठीने भराव्यात; मडक्यात साऱ्या महाराष्ट्राच्या मतदारयाद्या घालाव्यात, आमचा वाटा आधी राखून ठेवावा आणि निघालेल्या माणसाला पूर्ण आमदाराचा पगार द्यावा. या नियतकालिकाचे पुष्कळ वाचक शिक्षक आणि पदवीधर आहेत, म्हणजे या मतदारसंघांचे मतदार आहेत. मी स्वतः आहे. आपले नाव त्या यादीतून काढून घ्यायला आपल्यापैकी किती जण तयार होतील, ते मला कळवावे.