‘आठवत नाही’ या उत्तराची परीक्षा

स्मृतीत, जाणिवेत आणि ‘मी’पणाच्या प्रत्ययात पडणाऱ्या खंडाला आधुनिक मानसशास्त्र ‘डिसोसिएशन’ म्हणते. मराठीत त्यास मनोविच्छेद म्हणता येईल. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९ साली या अवस्थेची पद्धतशीर मांडणी केली. तिचे मोजमाप करणारी सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली मात्र १९८६ ची असून ती ईव्ह बर्नस्टाइन कार्लसन व फ्रँक पुटनम या अमेरिकन संशोधकांनी रचली. तीत २८ प्रश्न आहेत. प्रत्येक अनुभव आपणास शेकडा किती वेळा येतो, हे प्रौढ व्यक्तीने स्वतःच नोंदवायचे. मद्याच्या वा अमली पदार्थांच्या अमलाखालील अनुभव वगळायचे. आणि सर्व उत्तरांची सरासरी काढायची. ही सरासरी ३० वा त्याहून अधिक आल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे.

या प्रश्नावलीकडे एक पाठ म्हणून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रोगनिदान हा वैद्यांचा अधिकार. शब्द तपासणे हे आमचे काम.

प्रथम श्रेय द्यावयास हवे. अंगावरचे कपडे केव्हा घातले ते आठवत नाही, आरशातला चेहरा आपला वाटत नाही, जग धुक्याआडून दिसते, अशा गोष्टी माणूस सहसा कोणास सांगत नाही. वेड्यात काढतील ही भीती असते. प्रवासात मधला रस्ता स्मरणात न राहणे यांसारख्या सर्वांच्या परिचयाच्या अनुभवापासून आरंभ करून ही प्रश्नावली त्या भीतीला हळूहळू बोलते करते. परंतु हीच तिची दुर्बलताही आहे. तल्लीन होणारा निरोगी मनुष्य आणि दुभंगलेला रुग्ण एकाच सरासरीत येतात. म्हणूनच १९९६ साली वॉलर यांनी याच दोन संशोधकांसह त्यांतील केवळ ८ प्रश्न वेगळे काढले. ३० च्या वर गुण मिळालेल्या बहुतेकांना बहुव्यक्तित्वाचा विकार नसतो, हेही मूळ संशोधकांच्या अभ्यासातच दिसून आले. ही प्रश्नावली चाळणी आहे, निवाडा नव्हे, ही त्यांची भूमिका पुढे वापरणारे पुष्कळदा विसरतात.

हे प्रश्न मराठीत आणावयाचे म्हटले की खरी अडचण सुरू होते. ‘भान हरपणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रोगाचाही आहे आणि गौरवाचाही. भजनात देहभान विसरणाऱ्याची गावात वाहवा होते. अशा गावात तल्लीनतेविषयीच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर प्रतिष्ठेने रंगलेले असणार. उलटपक्षी, शरीर आपले नाही असे वाटते काय, या प्रश्नाला अनत्ताचे चिंतन करणारा साधक सहज होकार देईल. त्याचा होकार आणि भेदरलेल्या रुग्णाचा होकार कागदावर सारखेच दिसतील.

रत्नागिरी येथे महाराष्ट्रातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. कोकणात मनोविच्छेदाचे परिचित रूप म्हणजे अंगात येणे, झपाटणे, दातखिळी बसणे. यांविषयी २८ प्रश्नांत एकही थेट प्रश्न नाही. शरीरातून प्रकट होणाऱ्या लक्षणांसाठी नेदरलँड्समधील नायेनहाउस व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २० प्रश्नांची निराळी प्रश्नावली केली. अंगात येण्याची दखल अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात बहुव्यक्तित्वाच्या व्याख्येतच घेतली, मात्र समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग असेल तर तो विकार मानू नये, असेही बजावले.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न विशेष बिकट आहे. जेथे अंगात येणे हा मान आहे, तेथे स्त्री ते वाढवून सांगेल. ज्या घराने १९५६ नंतर देव्हारा उतरवला, तेथे ती ते लाजेने लपवील आणि शून्यावर खूण करील. प्रबोधन आवश्यकच आहे. पण ‘हे ढोंग आहे’ एवढेच ऐकलेली सून डॉक्टरकडेही जात नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले; तिच्या मौनावर मात्र कायद्याचा इलाज नाही.

शिवाय जो वेळ माणसाच्या स्मरणातच नाही, त्याची साक्ष तो स्वतः कशी देणार? आपणास काय झाले हे त्यास बहुधा इतरांच्या तोंडूनच कळते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, समथक्खन्धकात, गग्ग नामक भिक्खूची कथा आहे. उन्मादाच्या भरात त्याच्या हातून अनुचित वर्तन घडले. शुद्धीवर आल्यावर भिक्खू त्यास पुनःपुन्हा त्या दोषाची आठवण विचारीत. तो म्हणे, मला स्मरत नाही. तेव्हा तथागतांनी त्यास ‘अमूळ्हविनय’ देण्याची अनुज्ञा दिली. पुढील नियम अधिक मार्मिक आहे. अमूळ्हविनय धर्मसंमत ठरण्याचे तीन प्रकार आणि अधर्म ठरण्याचेही तीनच. एक म्हणतो, आठवत नाही. दुसरा म्हणतो, स्वप्नासारखे आठवते. तिसरा उन्मत्तासारखा वागतो. दोन्ही याद्यांत हेच तिघे आहेत. फरक इतकाच की एका यादीतले खरे बोलतात, दुसरीतले खोटे. उत्तराच्या शब्दांवरून त्याची सत्यता ठरत नाही, हे विनयकारांनी गृहीत धरले होते. गग्गाचे वर्तन सहवासातल्या भिक्खूंनी पाहिलेले होते आणि निर्णय भरल्या संघात होई.

सारे मानसशास्त्र त्रिपिटकात आधीच होते, असे म्हणण्याचा मोह आपल्या लेखकांना फार होतो. तो येथे टाळावा. विनयाचा प्रश्न दोषाचा आहे, उपचाराचा नाही; गग्गाला औषध कोणते द्यावे हे समथक्खन्धक सांगत नाही. प्रश्नावलीनंतर समोरासमोर सविस्तर मुलाखत घ्यावी, असे आधुनिक शास्त्रही सांगते आणि त्यासाठी मार्लीन स्टाइनबर्ग यांनी रचलेली मुलाखत उपलब्ध आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णास प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले की ती स्वनोंद राहतच नाही. ‘शेकडा किती वेळा’ याचा अर्थही कागदाला नव्हे, माणसालाच समजावून द्यावा लागतो.

या प्रश्नावलीचे मराठी रूप करणाऱ्याने प्रवासाचा प्रश्न खुशाल ठेवावा. एसटीत डुलकी सर्वांनाच लागते. अंगात येण्याविषयीचा प्रश्न जोडावा, तो ‘देवी’ वा ‘ढोंग’ हे दोन्ही शब्द न वापरता विचारावा आणि घरच्यांची साक्ष निराळी घ्यावी. स्त्रीला विचारताना सासूला खोलीबाहेर बसवावे.