माचू पिचू : संशोधकाचे आणि कवीचे

भग्नावशेष पाहून आलेल्यांचे लेखन बहुधा दगडांविषयी असते, माणसांविषयी क्वचितच. पेरू देशातील इंकांचे नगर माचू पिचू हे या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. येल विद्यापीठाचा अध्यापक हायरम बिंगम याचा ‘इंकांचे हरवलेले नगर’ हा ग्रंथ (१९४८) आणि चिलीचा कवी पाब्लो नेरूदा याने १९४५ साली रचलेले ‘माचू पिचूची शिखरे’ हे बारा भागांचे काव्य शेजारी ठेवून वाचली असता, दोघांचेही गुणदोष स्पष्ट दिसू लागतात.

२४ जुलै १९११ रोजी बिंगम वर चढला, तो प्रसंग त्याने मोठ्या खुबीने सांगितला आहे. सोबत्यांपैकी एकास नदीकाठची फुलपाखरे अधिक प्रिय, दुसऱ्यास कपडे धुवावयाचे! अखेर मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी एका सोल नाण्याच्या मोबदल्यात वाट दाखवितो, आणि वर राहणाऱ्या कुटुंबांतील एक मुलगा त्यास अवशेषांपाशी नेतो. ही कुटुंबे इंकांच्याच पायऱ्यांच्या शेतांत पीक काढीत होती. तेव्हा नगर हरवले होते ते कोणाला? ग्रंथाच्या नावाविरुद्ध ग्रंथातच पुरावा आहे. हेच इंकांचे अखेरचे आश्रयस्थान विल्काबांबा, आणि येथील सांगाडे बहुतांशी सूर्यकुमारिकांचे, ही त्याची मतेही पुढे टिकली नाहीत. पुरुषांचे व स्त्रियांचे सांगाडे जवळजवळ सारखेच निघाले, आणि नगर पंधराव्या शतकातील पाचाकुती या राजाचे खासगी निवासस्थान होते, असे आज विद्वान मानतात.

नेरूदा १९४३ साली तेथे गेला. त्याच्या काव्यात सोबती नाहीत, वाटाड्या नाही. पहिले पाच भाग तो आधुनिक जीवनातील क्षुद्र मरणांतून भटकतो. सहाव्यात शिखर चढतो. मग मात्र तो असा प्रश्न करतो, जो बिंगमला तितक्या तीव्रतेने सुचलाच नाही : हे दगड रचणारा माणूस कोठे होता, आणि त्याच्या पोटात अन्न होते काय? शेवटी तो त्या मृत श्रमिकांना आपल्या मुखाने बोलावयास सांगतो. येथे काव्य उदात्त होते यात शंका नाही. परंतु ते मृत काही बोलण्यापूर्वीच काव्य संपते. ऐकू येतो तो कवीचाच स्वर.

उत्तराचा काही अंश थडग्यांनी दिला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून येथे पुरलेले लोक दूरदूरच्या प्रांतांतून आलेले होते असे दिसते. ते राजगृहाचे सेवक असावेत असे संशोधक मानतात. त्यांच्या अस्थींवर अतिकष्टाच्या खुणा मात्र फारशा नाहीत. अर्थात सेवा करणारे येथे पुरले गेले म्हणून दगड वाहणारेही येथेच असतील असे नव्हे. कवीचा प्रश्न योग्य होता. उत्तर मात्र त्याने उपाशी मजुराच्या रूपात आधीच ठरवून ठेवले होते.

आमच्या मते काव्याची योग्यता निःसंशय मोठी. तथापि सहकुटुंब तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी बिंगमचे ते चढणीचे प्रकरण आधी वाचावे. ज्याने वाट दाखविली त्या माणसाचे नाव तेथे निदान नोंदलेले तरी आहे.