हाय लाईन: बाग सुरेख, पण रान कुठे आहे?

देशातून पाहुणे आले की आपल्या न्यूयॉर्क-दर्शनाच्या यादीत स्वातंत्र्यदेवीच्या जोडीला आता ‘हाय लाईन’ही असते. मॅनहॅटनच्या पश्चिमेला, जुन्या मालगाडीच्या उंच पुलावर केलेली ही दीड मैलाची बाग मी अनेकदा पाहिली आहे. बाग देखणीच आहे. माझी तक्रार आहे ती तिला ‘शहरातलं रान’ म्हणण्याविषयी.

१९८० साली इथून शेवटची गाडी गेली. पुढची वीस वर्षं वाऱ्याने, पक्ष्यांनी आणलेलं बी रुळांमधल्या खडीत, साचलेल्या थोड्याशा मातीत रुजत राहिलं. कोणी पेरलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत तिथे १६१ जातींच्या वनस्पती सापडल्या. जोएल स्टर्नफेल्ड यांनी २०००-०१ मध्ये टिपलेली या रानाची छायाचित्रं पाहून पूल वाचवण्याच्या चळवळीला बळ मिळालं.

पूल वाचला, रान मात्र गेलं! शिशाचा रंग काढायचा, पाण्याचा निचरा सुधारायचा, म्हणून खडी, माती, झाडं सगळं काढलं. हे कारण मला पटतं. नंतर पीट औडॉल्फ यांनी केलेली लागवडही अप्रतिम आहे. वाळलेली फुलं हिवाळाभर तशीच उभी ठेवण्याची कल्पना तर खासच. पण ती जगते माळ्यांच्या निगराणीवर आणि दर वसंतातल्या छाटणीवर. तिला रान म्हणणं म्हणजे हॉटेलातल्या पिठल्याला आईच्या हातचं म्हणण्यासारखं आहे.

वेगळं करता येतं. बर्लिनमध्ये श्योनेबर्गर झ्युडगेलेंड या बंद पडलेल्या रेल्वे-यार्डात आपोआप वाढलेलं जंगल २००० साली उद्यान म्हणून खुलं झालं. तिथे झाडं तुडवली जाऊ नयेत म्हणून जमिनीपासून उंच लोखंडी पायवाट बांधली आहे. हाय लाईनच्याही २०१४ साली उघडलेल्या उत्तर टोकाला जुन्या रुळांमधलं मूळचं रान काही भागात राखलं गेलं. मला तोच तुकडा सर्वांत आवडतो.

प्रत्येक तण जपा, असं मी म्हणत नाही. वाड्याच्या भिंतीतला पिंपळ भिंत फोडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मुलांना तिथे न्याल तेव्हा अर्ध्यावरून परतू नका. लावलेलं आणि उगवलेलं, दोन्ही दाखवा. फरक मुलं आपणहून सांगतील.