काळे डाग म्हणजे पुरावा नव्हे

'अँटिक निओक्लासिकल आरसा' हा आधी एक दावा असतो आणि दावा तपासायचा असतो. आरसा राहनाळच्या गोदामातून घरपोच आलेला असो की मुंबईच्या चोरबाजारातला, चौकट बघा. फुलांच्या माळा, कलश, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी: ही शैली 18व्या शतकाच्या उत्तरार्धातली. पण शैलीची नक्कल कधीही करता येते, म्हणून काचेच्या पाठीकडे वळा. काचेवर चांदी चढवायची लीबिगची रासायनिक पद्धत 1835 ची. त्याआधी कथिल आणि पाऱ्याचा मुलामा असायचा. म्हणजे पाठीवर चांदी निघाली, तर निदान मुलामा तरी नंतरचा. (चौकट जुनीच असू शकते, घाई नको.)

डागांचं तर विचारूच नका. ओल बहुधा कडेने शिरते, त्यामुळे चांदी कडेपासून काळवंडत जाते. काचभर एकसारखे शिंपडलेले ठिपके दिसले की मला आम्लाची बाटली आठवते. असा आरसा दिवाणखान्यात खुशाल लावा, दिसतो छान. जुन्याचा भाव मात्र देऊ नका. आणि खात्री करायला पाठ खरवडू नका, पारा असला तर त्याची वाफ तुमच्याच नाकात जाईल.