‘संजू’ आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : एका चरित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय कलावंताच्या हातून गुन्हा घडतो तेव्हा समाजात सामान्यतः दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग न्यायालयाच्या निर्णयाची वाट न पाहता त्याला दोषी ठरवतो, तर दुसरा वर्ग न्यायालयाने दोषी ठरविल्यानंतरही त्याला निर्दोषच मानतो. वरकरणी या दोन्ही प्रतिक्रिया भिन्न असल्या, तरी नेमके काय घडले हा प्रश्न दोहोंतही बाजूला पडतो. अभिनेते संजय दत्त यांच्या जीवनावर आधारित ‘संजू’ (२०१८) हा राजकुमार हिरानी दिग्दर्शित हिंदी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गुन्हा, शिक्षा आणि लोकभावना या तिन्हींचा चित्रपटाने लावलेला अर्थ तपासणे, तसेच कायदेशीर उत्तरदायित्व आणि कथनाचे उत्तरदायित्व यांतील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि सातशेहून अधिक जखमी झाल्या. मुंबई शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार या ठिकाणांबरोबरच दादरचे प्लाझा चित्रपटगृहही स्फोटाचे लक्ष्य ठरले. मराठी प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांनी ज्या वास्तूत चित्रपट पाहिले, ती वास्तू या घटनेची साक्षीदार आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

एप्रिल १९९३ मध्ये संजय दत्त यांना एके-५६ बंदूक बेकायदेशीरपणे बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांच्यावर टाडा या कठोर कायद्यान्वये खटला चालला. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. नोव्हेंबर २००६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांची टाडाखालील आरोपांतून मुक्तता केली. मात्र शस्त्र कायद्याखाली त्यांना दोषी ठरविले आणि जुलै २००७ मध्ये सहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली. त्याच वर्षी मे महिन्यात ते शरण आले आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवडा कारागृहातून त्यांची सुटका झाली.

या तपशिलावरून दोन गोष्टी निर्विवादपणे सिद्ध होतात. पहिली ही की, बॉम्बस्फोटांच्या कटात ते सहभागी होते असे न्यायालयाने मानले नाही. त्यामुळे त्यांना दहशतवादी म्हणणे हा अन्याय आहे. दुसरी ही की, त्यांनी बेकायदेशीर शस्त्रे बाळगली हे मात्र अंतिमतः सिद्ध झाले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणे म्हणजेच या प्रकरणाचे यथार्थ आकलन होय. लोकप्रतिक्रियेला आणि पुढे चित्रपटालाही नेमके हेच साधले नाही.

लोकप्रतिक्रियेचे स्वरूप

अटकेच्या वर्षीच, म्हणजे १९९३ मध्ये, ‘खलनायक’ प्रदर्शित झाला आणि त्याला प्रचंड यश मिळाले. पडद्यावर पोलिसांना गुंगारा देणारा गुन्हेगार आणि वृत्तपत्रांतून झळकणारा आरोपी यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळल्या. आरोपामुळे लोकप्रियता घटण्याऐवजी तिला एक नवे वलय प्राप्त झाले.

पुढे २००३ आणि २००६ मध्ये हिरानी यांचेच ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ हे दोन चित्रपट आले. दुसऱ्या चित्रपटातील गुंड नायक महात्मा गांधींच्या विचारांनी बदलतो. हा चित्रपट सप्टेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झाला आणि दोषसिद्धीचा निकाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागला. भूमिका आणि व्यक्ती यांच्या सरमिसळीचा परिणाम किती खोलवर होतो, याचे प्रत्यंतर २०१३ मध्ये आले. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि तत्कालीन प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी दत्त यांना माफी मिळावी, असे जाहीर आवाहन केले. प्रदीर्घ खटल्यात सोसलेला त्रास, आईवडिलांची समाजसेवा आणि चित्रपटाद्वारे गांधीविचारांना दिलेला उजाळा, अशी कारणे त्यांनी पुढे केली. खटल्याच्या विलंबाचा मुद्दा विचारार्ह आहे, यात शंका नाही. परंतु पटकथाकारांनी लिहिलेल्या संवादांचे पुण्य अभिनेत्याच्या खात्यावर जमा करून शिक्षेत सूट मागणे हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०१५ मध्ये माफीची मागणी फेटाळली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

काटजू यांनी त्याच खटल्यातील एका वृद्ध महिलेसाठीही माफी मागितली होती. शस्त्रे घरी ठेवून घेतल्याबद्दल तिला टाडाखालीच दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा देण्यात आली होती. तिच्यासाठी मात्र लोकभावनेची तशी लाट उसळली नाही. सहानुभूती ही न्यायाच्या निकषांवर नव्हे, तर परिचयाच्या निकषांवर वाटली जाते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

चित्रपटाची कथनरचना

‘संजू’च्या आरंभीच एक लेखक नायकाचे स्तुतिपर चरित्र लिहून त्याची तुलना गांधीजींशी करतो आणि नायक त्याला चोप देऊन हाकलून लावतो. प्रेक्षक हसतो आणि आपण पाहत आहोत ते स्तुतिपर चरित्र नव्हे, अशी खात्री त्याला पटते. हा प्रसंग अत्यंत कुशलतेने योजलेला आहे. ढोबळ स्तुती नाकारून चित्रपट सूक्ष्म समर्थनासाठी वाट मोकळी करून घेतो. त्यानंतर परदेशातून आलेली एक लेखिका नायकाची कहाणी ऐकते, तिच्याविषयी शंका घेते आणि अखेरीस तिला पटते. ती प्रेक्षकांचीच प्रतिनिधी आहे. तिची शंका फिटली की प्रेक्षकाचीही फिटावी, अशी ही रचना आहे.

चित्रपट नायकाच्या दोषांची कबुली देत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. व्यसनाधीनतेचे चित्रण परिणामकारक आहे. वडील आणि मुलगा यांच्या नात्यातील ताण परेश रावल व रणबीर कपूर यांनी समर्थपणे उभा केला आहे. परंतु ज्या दोषांची कबुली दिली जाते, त्यांची निवड पाहण्यासारखी आहे. व्यसन हा आजार ठरतो. साडेतीनशे स्त्रियांशी आलेल्या संबंधांचा आकडा पत्नीच्या उपस्थितीत सांगितला जातो आणि त्याचा विनोद होतो. याउलट नायकाची प्रथम पत्नी आणि थोरली कन्या यांना कथेत स्थानच नाही. जेथे कबुली दिल्याने नायक अधिक मनमोकळा वाटेल तेथे कबुली आहे. जेथे त्याच्या वर्तनाची झळ दुसऱ्याला लागली तेथे मौन आहे.

शस्त्राच्या बाबतीतही हेच घडते. दंगलीच्या काळात वडिलांना आलेल्या धमक्यांमुळे कुटुंबाच्या रक्षणासाठी शस्त्र घेतले, हे कारण चित्रपट ठळकपणे मांडतो. हेतू समजून घेणे आवश्यकच आहे. तथापि हेतू समजल्याने कृती पुसली जात नाही. शस्त्र नष्ट करण्यास साहाय्य करणाऱ्या मित्रांनाही या खटल्यात शिक्षा झाल्या. कथेच्या केंद्रस्थानी असलेला मित्र मात्र अमेरिकेत राहणारा, या साऱ्यापासून अलिप्त असा आहे. स्फोटांत बळी पडलेल्या २५७ जणांपैकी एकाच्याही कुटुंबाला येथे पात्राचे रूप लाभलेले नाही. परिणामी संपूर्ण कथेत एकच पीडित उरतो, आणि तो म्हणजे नायक.

हा परिणाम योगायोगाने साधलेला नाही. पहिल्या संकलनानंतर ज्यांना चित्रपट दाखविला त्यांना नायकाविषयी तिटकारा वाटला, म्हणून सहानुभूती निर्माण करणारे प्रसंग नंतर जोडावे लागले, असे हिरानी यांनी प्रदर्शनानंतर जाहीरपणे सांगितले होते. निकालानंतर नायक आत्महत्येचा प्रयत्न करतो, हा प्रसंग त्यांपैकीच होय. पहिल्या प्रेक्षकांची ती अस्वस्थता हीच कदाचित या कथेला मिळालेली सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया होती.

वृत्तपत्रांवरील दोषारोप

नायक निर्दोष ठरवायचा तर दोषी कोणीतरी हवा. ती जागा चित्रपटाने वृत्तपत्रांना दिली आहे. घराच्या आवारात स्फोटकांनी भरलेला ट्रक होता काय, अशा आशयाच्या प्रश्नचिन्हांकित मथळ्यामुळे जिवलग मित्र दुरावतो आणि पुढे त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ उमगल्यावर परत येतो. अखेरच्या गीतात तर पडद्यावरचा संजू आणि प्रत्यक्षातील संजय दत्त एकत्र येऊन वृत्तपत्रांची खिल्ली उडवतात.

प्रश्नचिन्हाआड दडून आरोप करण्याच्या वृत्तीवरील ही टीका पूर्णतः गैरवाजवी नाही. खटला चालू असताना माध्यमांनी अनेकदा मर्यादा ओलांडल्या हे मान्य करावे लागेल. तथापि एक महत्त्वाची वस्तुस्थिती चित्रपट विचारात घेत नाही. संजय दत्त यांच्याकडे एके-५६ असल्याचे वृत्त त्यांच्या अटकेपूर्वी, ते मॉरिशसमध्ये चित्रीकरणात असताना, ‘द डेली’ या मुंबईतील दैनिकाने प्रसिद्ध केले होते. ते वृत्त खरे निघाले. वृत्तपत्रांच्या चुकीच्या मथळ्याला शिक्षा देणारा चित्रपट त्यांच्या खऱ्या बातमीचे ऋण मान्य करीत नाही, ही त्याची सर्वांत मोठी त्रुटी आहे.

एक मराठी तुलना

कलावंताच्या आत्मकथनात प्रांजळपणा कसा असू शकतो, हे पाहण्यासाठी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मचरित्राचे स्मरण उपयुक्त ठरते. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेल्या या पुस्तकात मद्यपान, विवाहबाह्य संबंध, घर सोडून जाणे या साऱ्यांचा उल्लेख येतो. पतीविषयीची कटुताही त्यात आहे. परंतु स्वतःच्या निर्णयांचे ओझे त्या सर्वस्वी दुसऱ्यावर टाकत नाहीत आणि वाचकाकडे निर्दोषत्वाचा दाखला मागत नाहीत. याच आत्मचरित्रावरून प्रेरित झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटातही नायिकेला दोषमुक्त करण्याची घाई नाही.

या दोन जीवनकथांची प्रत अर्थातच वेगळी आहे. वाडकर यांच्या हातून कोणताही गुन्हा घडला नव्हता. समाजाच्या नीतिकल्पनांचा भंग तेवढा झाला होता. तरीही स्त्री कलावंताचे स्खलन गांभीर्याने, आणि पुरुष कलावंताचे स्खलन विनोदाने स्वीकारले जाते, हा भेद या तुलनेतून स्पष्ट होतो. दोन पिढ्यांच्या अंतरानंतरही तो कायम असावा, हे चिंताजनक आहे.

समारोप

संजय दत्त यांनी न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगली आहे. मुदतपूर्व सुटकेला आव्हान देणारी जनहित याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या आरंभी निकाली काढली. त्यामुळे कायद्यापुरते त्यांचे देणे फिटले आहे, असे मानणे हेच सुसंस्कृत समाजाचे लक्षण होय. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीस काम, सन्मान आणि नवे आयुष्य मिळण्याचा अधिकार आहे. त्याला आजन्म आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल.

परंतु शिक्षा भोगल्याने घडलेली घटना बदलून सांगण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. कायद्याचे देणे एका व्यक्तीचे असते व ते मुदतीने संपते. सत्यकथनाचे देणे मात्र कथा सांगणाऱ्या प्रत्येकाचे असते, आणि त्याला मुदत नसते. ‘संजू’ पहिल्या देण्याची पावती दाखवून दुसऱ्यातून सूट मागतो. प्रेक्षकांनी ती सूट मोठ्या प्रमाणावर दिली, हे चित्रपटाच्या व्यावसायिक यशावरून दिसते.

आज महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा जन्म या स्फोटांनंतर झालेला आहे. त्यांपैकी अनेकांना १९९३ च्या मुंबईची पहिली, आणि कित्येकदा एकमेव, ओळख अशाच चित्रपटांतून होते. या विद्यार्थ्यांसमोर चरित्रपट ठेवताना त्यासोबत निकालपत्र, तत्कालीन वृत्तपत्रे आणि पीडितांची निवेदने ठेवणे अगत्याचे आहे. कलावंतावर प्रेम करावे की न करावे, हा प्रत्येकाच्या आवडीचा भाग होय. त्या प्रेमापोटी दादरच्या एका चित्रपटगृहाच्या दारात काय घडले होते याचा विसर पडू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.