भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचे

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली एका जुन्या कारखान्याची इमारत ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या नावाने ग्राफिटीवाल्यांत जगभर प्रसिद्ध होती. मालक जेरी वोल्कॉफ यांची परवानगी होती आणि कोणती भिंत कोणाला द्यायची, हे २००२ पासून जोनाथन कोहेन हे चित्रकार ठरवत. तिथे निवासी मनोरे बांधायचे ठरले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत भिंतींवर पांढरा रंग फासला. चित्रकार त्याआधीच १९९०च्या दृश्यकलावंत हक्क कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले होते. न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २०१८ मध्ये २१ जणांच्या ४५ चित्रांसाठी ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली आणि ती अपिलातही टिकली. स्प्रे-कॅनने रंगवलेली, कधीतरी पुसली जाणार हे ठाऊक असलेली ही चित्रे न्यायालयाने संरक्षणास पात्र कलाकृती मानली, हे मला फार मोलाचे वाटते.

यावर आक्षेप येतो, की तिथे परवानगी होती. चोरून रंगवलेल्या भिंतीचे काय? कीथ हॅरिंगने १९८६ मध्ये हार्लेममधल्या हँडबॉल मैदानाच्या भिंतीवर ‘क्रॅक इज वॅक’ हे अमली पदार्थांविरुद्धचे चित्र विनापरवाना काढले. त्याला दंड झाला. पुढे शहराच्या उद्यान विभागानेच त्याला तीच भिंत पुन्हा रंगवू दिली आणि आज ते चित्र जपले जाते. परवानगीने चित्राची रेषा बदलत नाही, त्यामुळे कलेचा निवाडा परवानगीवरून करता येणार नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: चित्र उत्तम आहे म्हणून दुसऱ्याची मालमत्ता रंगवण्याचा हक्क मिळत नाही. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे अख्खे डबे खिडक्यांसकट रंगवले जात. त्यांतली अक्षररचना थक्क करणारी होती, आणि खिडकीतून स्थानक न दिसणाऱ्या प्रवाशाची तक्रारही रास्त होती. आपल्या गडांच्या दगडांवर नावे कोरणाऱ्यांना तर मी कसलीच सूट देणार नाही, कारण ते नुकसान कधीच भरून येत नाही.

म्हणून कलेचा कस समीक्षेने पाहावा आणि गुन्ह्याचे माप नुकसानावरून ठरवावे. हे माप सुटले की काय होते, ते मायकेल स्टुअर्टच्या बाबतीत दिसले. १९८३ मध्ये भुयारी स्थानकाच्या भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून या कृष्णवर्णीय तरुणाला अटक झाली. पोलिसांच्या ताब्यात तो बेशुद्ध झाला आणि १३ दिवसांनी वारला. सहा अधिकारी निर्दोष सुटले. रंगाचा डाग धुता येतो, एवढे तरी शिक्षा देणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे होते. भिंतीच्या मालकालाही रंग पुसायचा असेल तर तो पुसू शकतो. मात्र ज्या कायद्यावर फाइव्ह पॉइंट्झचा खटला उभा राहिला, त्यातच काढून नेता येणाऱ्या चित्रासाठी ९० दिवसांच्या लेखी सूचनेची तरतूद आहे. तेवढा अवधी चित्र उतरवून न्यायला, निदान त्याची नीट छायाचित्रे घ्यायला पुरतो, आणि मालकाचे त्यात फारसे काही जात नाही.